दुसरी ढाल

मला हा खेळ खेळता येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. तीन वर्षं मी तो दर शनिवारी तासभर, खुर्चीच्या मागे उभी राहून पाहिला, एवढंच. त्यामुळे खेळाबद्दल काही चुकीचं लिहिलं गेलं तर ती चूक माझी. माझे घरमालक गजाननकाका, त्यांनी मला सगळं नीटच समजावलं होतं.

मी अल्लीपूरची. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. वर्ध्याला बीएस्सीला प्रवेश मिळाला, पण भाड्याची खोली कशी बघायची, घरमालकाला काय विचारायचं, हे घरी कोणालाच ठाऊक नव्हतं. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतली एक खोली बघायला मी आणि बाबा गेलो तो शनिवार होता आणि चार वाजून गेले होते. दार काकूंनी उघडलं. आत चाळिशी ओलांडलेला एक माणूस भिंतीकडे तोंड करून, कानांवर भलेमोठे हेडफोन लावून बसला होता आणि भिंतीला सांगत होता, "पंक्या, तू मागं लक्ष ठेव. पुढचं मी पाह्यतो. सरकू नोको, मी आहो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "बसा भाऊ. पाच वाजेलोक ते अठी नाईत."

पाच वाजता हेडफोन निघाले, आणि तोच माणूस अगदी साध्या आवाजात बाबांना म्हणाला, "या, या. कोणती एसटी भेटली?" खोली मागच्या बाजूची होती, खिडकी लहान होती. पण बाबांना घर आवडलं. परत जाताना ते एवढंच म्हणाले, "माणूस सरळ आहे. टीव्हीसोबत बोलते, पण सरळ आहे."

काका एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. बारावीचं रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक उद्या असलं की आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर ते एकटेच थांबत आणि सगळं प्रात्यक्षिक स्वतः करून बघत. द्रावण रंग बदलतं का, ब्युरेटची तोटी गळते का. मी एकदा विचारलं, "काका, हे तर सरांचं काम ना?" ते म्हणाले, "सर शिकवतेत, पोट्टे करतेत. आपलं काम येवढंच, का पोट्ट्यायच्या हातात आल्यावर फसू नये." ही सवय घरातही होती. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर डबा भरल्याची तारीख. काकू म्हणायच्या, "माह्यावरच चिठ्ठी लावाची राह्यली यायची." काका गंभीरपणे सांगायचे, "तुले कोणी विसरते काय?"

मला ते 'मॅडम' म्हणत. आधी मला वाटलं थट्टा आहे. थोडी होतीही. पण कोणी पाहुणे आले की "आमच्या मॅडम, बीएस्सी करून राह्यल्या," असं ते ज्या आवाजात सांगत, त्यात थट्टा नसायची.

आता खेळाबद्दल. त्याचं मूळ नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. काका आणि त्यांच्या हिंगणघाटच्या मित्रांनी त्याला फार पूर्वीच 'चौकी' म्हणायला सुरुवात केली, कारण त्यात एक चौकी असते. एका संघानं ती राखायची, दुसऱ्यानं घ्यायची. बंदुका असतात, गोळ्या चालतात, मेलेला माणूस थोड्या वेळानं पुन्हा उभा राहतो.

पहिली चौकी त्यांनी पॉलिटेक्निकला असताना खेळली. त्यांच्यातल्या बबलूच्या वडिलांचं हिंगणघाटला हार्डवेअरचं दुकान होतं, त्याच्या मागच्या गोदामात. इकडून तिकडून मागून आणलेले कॉम्प्युटर, जमिनीवर वायरींचं जाळं, आणि बाजूला पाइपांच्या राशी. त्या खेळात किती जण हवेत असं काही नव्हतंच. "अकरावा आला तं अकरावा," काका सांगत. "मशीन कमी पडलं तं एकावर दोघं बसाचे. एक जण चालवाचा, दुसरा बंदूक माराचा. मी अन् पंक्या तसेच खेळलो दोन वर्षं. मी चालो म्हटलं का तो थांबे, तो मार म्हणे तवा मी भिताडाले जाऊन भिडो."

मग नोकऱ्या लागल्या. बबलू दुकानावर बसला, दोघे नागपूरला गेले, एक पुण्याला, आणि पंक्या, म्हणजे पंकजकाका, मस्कतला. त्याच सुमारास दुसरी चौकी आली. ती इंटरनेटवर खेळायची होती, म्हणजे कोणी कुठेही असलं तरी चालत होतं. एका संघात सहा जण. दोघे मारणारे, दोघे जखमींना सांभाळणारे, आणि दोघे ढालवाले. ढालवाल्यांनी मारायचं कमी, पुढे उभं राहायचं जास्त. आपल्या मागे कोणी तरी चालतंय हे लक्षात ठेवून पाऊल टाकायचं. काका आणि पंकजकाका ढालवाले झाले. एकानं ढाल पुढे धरली की दुसरा मागे वळायचा. संघाचं नाव त्यांनी गावच्या वणा नदीवरून 'वणाकाठ' ठेवलं. शनिवारी काकांची शाळा सकाळची असायची आणि मस्कतला सुट्टी असायची, म्हणून शनिवार, दुपारी चार.

दुसऱ्या चौकीत मॅच संपल्यावर दोन्ही संघ पाच मिनिटं एकाच ठिकाणी रेंगाळू शकत. हरलेले जिंकलेल्यांशी बोलत. शेवटी एक यादी यायची: कोणी किती मारले, आणि त्याखाली कोणी किती जणांना वाचवलं. काका वरची यादी बघतच नसत.

एक शनिवार मला चांगला आठवतो. मॅच ऐन रंगात होती. हेडफोनचा आवाज बाहेर येत असे, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. एकाएकी बबलूकाका म्हणाले, "थांबा बे, एक जण दोन इंची पाइप मागून राह्यला."

"आता? अबे चौकी चालली!"

"गिऱ्हाईकाले सांगू काय, चौकी चालली म्हणून?"

पडद्यावर बबलूकाकांचा शिपाई मोकळ्या रस्त्यात मूर्तीसारखा उभा राहिला. बाकीचे चौकीकडे पळाले. काका मात्र मागे फिरले आणि त्या उभ्या मूर्तीसमोर ढाल धरून थांबले. तीन-चार मिनिटं. हेडफोनमधून दुकानातला आवाज येत होता, कोणी तरी पाइपाच्या जाडीवरून हुज्जत घालत होतं. ढालीवर गोळ्या आदळत होत्या, तिला तडे जात होते. मॅच हरले. कोणीच काका चुकले असं म्हणालं नाही, उलट पंकजकाकांनी विचारलं, "पाइप गेला का बे?"

"गेला ना. सोबत दोन एल्बो पण गेले."

मी नंतर काकांना म्हटलं, "तो मेला असता तरी पुन्हा उभा राहिलाच असता ना?" ते म्हणाले, "हाव, राह्यला असता. पण त्यानं वळून पाह्यलं तं आपण जिथं सोडलं तिथंच दिसलं पाह्यजे ना त्याले."

पंकजकाकांना मी कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही. आवाजच ओळखीचा. त्यांचं लग्न मोडलं होतं, मस्कतला एका कंपनीच्या कोठारात काम होतं, राहायला सोबत असलेले सगळे दुसऱ्या भाषांचे. मॅच सुरू व्हायच्या आधी ते दहा मिनिटं नुसते बोलत. हिंगणघाटला ऊन कसं आहे, कापूस आला काय, बबलूच्या पोराचं काय चाललं. एकदा त्यांनी बोलता बोलता सहज म्हटलं, "आठ दिवसात आज मराठी बोललो बे. तोंडाले गंज चढते." बाकीचे हसले. काका हसले नाहीत. त्यानंतर ते शनिवारी पावणेचारलाच बसायला लागले.

मी मॅडम असूनही मला चारचौघांत बोलता येत नसे. दुसऱ्या वर्षी वर्गात सेमिनार द्यायचा होता. विषय पाठ होता, पण उभं राहिलं की पहिलं वाक्यच आठवत नसे. काकूंनी हे काकांना सांगितलं असावं. त्या शनिवारी चार वाजता त्यांनी हेडफोन काढून माझ्या डोक्यावर ठेवले. "बोल. पाच जणं आयकून राह्यले. कोणाचं तोंड दिसत नाई, घाबराचं काय?"

मी भिंतीकडे बघत पंधरा मिनिटं बोलले. मध्ये बबलूकाकांचं एक गिऱ्हाईक आलं, त्यांनी त्याला "थांबा, क्लास सुरू आहे" म्हणून बसवलं. संपल्यावर पंकजकाकांनी एक प्रश्न विचारला, तोही खरा, समजून घेऊन विचारलेला. मला उत्तर आलं. त्या दिवशी मॅच अर्धा तास उशिरा सुरू झाली. माझ्यासाठी इतक्या माणसांनी थांबल्याचं मला तोवर आठवत नव्हतं.

मी तिसऱ्या वर्षाला गेले आणि तिसरी चौकी आली. आली म्हणजे दुसरीच्या जागेवर आली. काकांनी शनिवारी कॉम्प्युटर सुरू केला तर तेच चिन्ह, त्याच जागी, पण आत खेळ वेगळा. जुना परत मागता येत नव्हता. कंपनीनं तो बंद केला होता. उघडताच आधी दुकान लागलं. शिपायांचे रंगीत कपडे, टोप्या, बंदुकांना लावायचे मोर. "लग्नसराई आहे काय बे?" बबलूकाकांनी विचारलं. मॅच संपल्यावर रेंगाळायची जागा काढून टाकली होती. एक संपली की लगेच दुसरी, अनोळखी माणसांसोबत. वाचवलेल्यांची यादीही नव्हती.

हे सगळं त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण नव्या चौकीत संघ पाच जणांचा होता. दोन मारणारे, दोन सांभाळणारे, आणि ढालवाला एकच. खेळ भराभर व्हावा म्हणून तसं केलं होतं म्हणे.

त्या शनिवारी मी तिथंच होते. पडद्यावर पाच चौकटी होत्या. एकेक नाव येत गेलं, पाच भरल्या. पंकजकाकांचा आवाज आला, "अबे, मले आत घेऊन नाई राह्यला. संघ भरला म्हणते."

सहा जण वीसेक वर्षं एकत्र, आणि आता एकानं उठायचं. कोणी उठायचं हे विचारायची सुद्धा कोणाला हिंमत नव्हती. काकांनी पडद्याकडे बघितलं, मग एकदम म्हणाले, "हट् बे! माह्यं मशीन अटकून राह्यलं. हे नवीन याच्यावर चालतच नाई. पंक्या, तू घुस माह्या जागी."

"अन् तू?"

"मी आयकतो ना. तुमी खेळा."

त्यांचं नाव चौकटीतून गेलं, पंकजकाकांचं आलं.

पुढचे कितीतरी शनिवार काका तसेच बसले. हेडफोन कानावर, पडदा बंद. नुसत्या आवाजावरून सांगत, "डाव्या गल्लीतून येईन बघ, दम धर." पंकजकाका म्हणत, "एकट्याले नाई जमून राह्यलं गज्या, मागचं कोण पाह्यन?" काका म्हणत, "जमते, जमते. तू चाल." आणि बोटं मात्र टेबलावर, जिथं कळा असतात तिथं, हलत असत.

मला ते बघवेना. मशीन जुनं आहे, एवढंच मला कळलं होतं, आणि मशीनचं काही तरी करता येतं हे मी कॉलेजात शिकत होते. आमच्या एका सीनियर ताईनं तिच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक कार्ड बदललं होतं, जुनं तिच्याकडे नुसतं पडून होतं. मी मागितलं, तिनं दिलं. काका शाळेत गेले असताना काकूंना विचारून मी ते बसवलं. काकूंनी पाठीमागून बॅटरी धरली होती. "होऊन जाऊ दे माय. शनिवारी घरात कोणी गेल्यासारखं वाटते," त्या म्हणाल्या. मी नवी चौकी लावून बघितली. पाण्यासारखी चालली. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या तरी उपयोगी पडले.

शनिवारी चारला काका हातपाय धुवायला गेले होते. सगळे जमले होते. मला राहवलं नाही, मी हेडफोन उचलून म्हटलं, "पंकजकाका, काकांचं मशीन आता चालतं! मी कार्ड बदललं. नवी चौकी मस्त चालते त्याच्यावर."

बबलूकाका म्हणाले, "कार्ड? अबे पण गज्याचं मशीन तं मीच जोडून देल्लं होतं, माह्यापेक्षा भारी आहे ते. माह्यावर चालते तं त्याच्यावर काऊन नाई..." आणि ते तिथंच थांबले.

तेव्हा मला कळलं. सगळ्यांना एकदमच कळलं असणार.

काका दारात उभे होते, हातात टॉवेल. मी हेडफोन त्यांना दिले. पंकजकाकांचा आवाज बाहेर स्पष्ट आला. "गज्या, खोटं बोलला काय बे?"

"खोटं नाई लेका. गरम होते ते मशीन."

"दोन महिने गरम होऊन राह्यलं?"

काका खुर्चीत बसले. "तू खेळ ना बे. तुले कायले पंचाईत?"

"मी नाई खेळत. तू बस, मी आयकतो."

"मंग मी उठतो," बबलूकाका म्हणाले. "माह्यं दुकान आहे, मले तसंही..."

"तुह्या दुकानात कुत्रं नाई आलं आज, मले आयकू येते," काका म्हणाले.

मग नागपूरचे दोघेही म्हणाले, आम्ही उठतो. पुण्याचे म्हणाले, मी उठतो. पाच वाजेपर्यंत हेच चाललं. चौकटी रिकाम्या होत होत्या, भरत होत्या. त्या दिवशी एकही मॅच झाली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी माफी मागायला गेले. काका डब्यांच्या चिठ्ठ्या बदलत होते. "तुह्यं काय चुकलं? मशीन खराब आहे म्हटलं तं तू दुरुस्त करणारच. मीच दुसरं काई सांगाले पाह्यजे होतं."

"काय?"

"तेच तं सुचलं नाई," ते म्हणाले. मग पुढच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवत म्हणाले, "बाकी कोणी उठलं तं घरी जाते. पंक्या कुठी जाईन?"

मग त्यांनी पाळी लावली. दर शनिवारी एकानं बाहेर बसायचं. काकांनी वहीत तक्ता आखला. पण पाळी नसतानाही लोक उठायला लागले. बबलूकाकांच्या दुकानात दर शनिवारी गर्दी व्हायला लागली. नागपूरला पाहुणे यायला लागले. प्रत्येकाला वाटत होतं, आपण नसलो तर बाकीच्यांना अवघडल्यासारखं होणार नाही. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

चार राहिले, मग तीन. जागा रिकाम्या राहिल्या की खेळ तिथं अनोळखी माणसं आणून बसवतो. एकदा कुठला तरी पोरगा पंकजकाकांवर हिंदीत ओरडला, "अंकल, आप से ना हो पाएगा, गेम छोड़ दो." काका त्या दिवशी सांभाळणारे होते, ते काम त्यांना येत नसे. ते त्या पोराला शांतपणे म्हणाले, "बेटा, बाद में डाँट लेना. तेरे पीछे दो खड़े हैं." पोरगा वळला, वाचला. आभार मानले नाहीत. मॅच संपली, पडदा सरकला, तो पोरगा कुठल्या कुठे गेला.

मेमध्ये माझा शेवटचा पेपर झाला. पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला जायचं ठरलं होतं. बाबा सामान न्यायला आले तो दिवसही शनिवार निघाला. बाबा पेट्या बाहेर काढत होते, काकू माझ्या पिशवीत पापडांचा डबा कोंबत होत्या. मी काकांना नमस्कार करायला आत गेले.

ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. पडद्यावर पाच चौकटी होत्या, त्यातल्या दोनच भरलेल्या: एक काकांची, एक पंकजकाकांची. दोघेही ढालवाले. म्हणजे यातून मॅच सुरू होणं शक्यच नव्हतं. एकानं दुसरं काम घेतल्याशिवाय खेळ पुढे जात नाही, हे मला एव्हाना माहीत होतं.

"अंबाडीची भाजी तिथं भेटते काय बे?" काका विचारत होते.

"कुठची अंबाडी. परवा एक जण पालक घेऊन आला, त्यालेच अंबाडी समजून खाल्ली."

मी खांद्याला हात लावला. काकांनी एका कानावरचा हेडफोन सरकवला. मी हळूच विचारलं, "काका, फोनच का नाही करत?"

"फोनवर काय बोलाव?" ते म्हणाले. "फोन केला का तो इचारते, काई काम होतं काय."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "येजो मॅडम. अभ्यास करजो." मग हेडफोन सारखा केला आणि म्हणाले, "काई नाई बे, आपली मॅडम चालली. हाव, सांगतो... तो म्हणते, सेमिनारले घाबरू नोको."

बाहेरून बाबांनी हाक मारली. दारातून मी एकदा वळून पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात खेळ विचारत होता, तयार आहात का, आणि त्याखाली एक हिरवं बटण लुकलुकत होतं. दोघांपैकी कोणीच ते दाबत नव्हतं. वर दोन शिपाई शेजारी शेजारी उभे होते, हातात ढाली घेऊन, आणि काका पंकजकाकांना सांगत होते की यंदा हिंगणघाटला ऊन मागच्यापेक्षा जास्त आहे.